कोशर स्वयंपाक आणि बेकिंग: तुमच्या ओट्यावर कोणतं पुस्तक उघडं असतं? (अनुभव धागा)

रोश हशाना, म्हणजे ज्यू नवं वर्ष, जवळ आला की "कोशर स्वयंपाकाचं एखादं चांगलं नवं पुस्तक सांग ना" अशी विचारणा सुरू होते. विचारणाऱ्यांत आमच्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) घरांतल्या लेकी-सुना असतात, तसेच परदेशातले मराठी लोकही असतात, ज्यांच्याकडे कोशर पाळणारी मित्रमंडळी जेवायला यायची असतात. बेकिंगच्या नादापायी हाला (वेणी घातलेला ब्रेड) आणि बाबका (सारण भरून पीळ दिलेला गोड ब्रेड) यांकडे वळलेली मंडळी तर गेल्या काही वर्षांत खूपच वाढली आहेत. सगळ्यांना एकच पुस्तक सांगून भागत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना कोशरची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे चालणारं खाणं. मांस आणि दूधदुभतं एका जेवणात येत नाही, भांडीसुद्धा वेगळी. मासा खवले आणि पर असलेलाच, म्हणजे पापलेट, सुरमई, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. मांस विधीप्रमाणे कापलेलं आणि मीठ लावून रक्त काढलेलं हवं. धान्य, भाज्या, फळं, अंडी, तेल, नारळ हे सगळं 'पारवे', म्हणजे दुधाच्या जेवणातही चालतं आणि मटणाच्याही. कोशर पुस्तक चांगलं की वाईट हे मी त्यातल्या पारवे पदार्थांवरून ठरवते, कारण घरातल्या बाईची खरी अडचण तिथेच असते: मटणाच्या जेवणानंतर गोड काय करायचं?

लिहिताना एवढं करा. पुस्तकाचं नाव द्या, त्यातलं काय करून पाहिलंत, आपल्याकडच्या सामानासाठी काय बदललंत आणि ते पुस्तक कुणी घ्यावं, हे लिहा. नुसतं "छान आहे" लिहिलंत तर पुढच्या माणसाला काही कळत नाही.

सुरुवात माझ्यापासून. मी ठाण्याची. माझ्या ओट्यावर एस्थर डेव्हिड यांचं 'बेने अपेती' असतं, २०२१ सालचं, हार्परकॉलिन्सचं. एस्थर डेव्हिड अहमदाबादच्या, बेने इस्राएल. 'बुक ऑफ रेचेल' या त्यांच्या कादंबरीला २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात प्रकरणांच्या सुरुवातीला एकेक पाककृती आहे. 'बेने अपेती'मध्ये मात्र भारतातल्या पाच ज्यू समाजांचं खाणं आहे: आपले बेने इस्राएल, कोचीनचे, कोलकात्याचे बगदादी, ईशान्येकडचे बने मेनाशे आणि आंध्रातले बेने एफ्राइम. म्हणजे फक्त कोकण हवं असेल तर पुस्तकाचा एक भागच आपला. पण मलिदा, नारळाच्या रसातली कालवणं, चिकाचा हलवा हे सगळं एका छापील पुस्तकात सापडणं हीच माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

हलवा मात्र मी आईच्या पद्धतीनं करते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, गाळून चीक काढायचा. रात्रभर ठेवला की पांढरा साका खाली बसतो आणि वर पिवळट पाणी येतं. ते हलक्या हातानं ओतून टाकायचं. जाड बुडाच्या पातेल्यात चीक, नारळाचा घट्ट रस आणि साखर एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी गुठळ्या होतात, त्यांना घाबरायचं नाही. ढवळता ढवळता त्या विरतात, मिश्रणाला चमक येते, ते पातेल्याच्या कडा सोडायला लागतं आणि नारळाचं तेल किंचित सुटतं. थेंबभर गार ताटलीत टाकून बोटानं दाबून बघायचं. बोटाला चिकटला नाही की वेलची-जायफळ घालून थाळ्यात ओतायचा, वरून बदाम-पिस्त्याचे काप. हल्ली पुष्कळ घरी चायना ग्रासवर काम भागवतात. वड्या सुबक पडतात, पण तो ताणला जाणारा मऊपणा चिकाशिवाय येत नाही, असं माझं ठाम मत आहे. दूध नाही, तूप नाही, म्हणून मटणाच्या जेवणानंतर बेलाशक खाता येतो.

बेकिंगसाठी हे पुस्तक घेऊ नका. त्यासाठी बाकीच्यांनी लिहा.


डिमोना, इस्राएल

शालोम ताई. तुमचा हलवा वाचून आईची आठवण आली. आम्ही रेवदंड्याचे. मी लहान असताना इकडे आलो, पण घरात मराठीच चालली, म्हणून लिहिता येतं. माझी आई नव्या सणाला (आपल्या रोश हशानाला) असाच हलवा करायची, फक्त रंग गुलाबी.

मी हालासाठी लिहिते. रोखी पिन्सन यांचं 'रायझिंग: द बुक ऑफ हाला' हे २०१७ चं पुस्तक. जाडजूड आहे. अर्धं पुस्तक हाला का करायचा याबद्दल आहे आणि मला ते आवडतं. लेखिका ब्रुकलिनच्या, धार्मिक घरातल्या. वेण्यांचे फोटो एकेका पेडाचे आहेत, त्यामुळे सहा पेडांची वेणीसुद्धा जमते.

ज्यांना हाला हे फक्त ब्रेडचं नाव वाटतं त्यांना सांगते. मूळ विधी म्हणजे मळलेल्या कणकेतला थोडा गोळा बाजूला काढणं. साधारण १.२ किलो पिठापासून पुढे गोळा काढतात, आणि बराखा (आशीर्वचनाची प्रार्थना) म्हणून काढायचा तर आमच्याकडे पीठ १.६७ किलोच्या आसपास लागतं. वेगवेगळ्या घराण्यांत हे आकडे थोडे बदलतात, आपल्या रब्बींना (धर्मगुरूंना) विचारावं. काढलेला लहानसा गोळा खायचा नसतो, तो जाळतात किंवा गुंडाळून टाकतात. म्हणून हालाच्या पुस्तकांत अडीच-अडीच किलो पिठाच्या कृती असतात. चार माणसांच्या घरी एवढ्याचं काय करायचं? मी भाजून अर्धे हाला फ्रीझरमध्ये टाकते. शुक्रवारी दुपारी बाहेर काढून फॉइलमध्ये गरम केले की ताजे लागतात.

मलिद्यासाठी मला कुठलंच पुस्तक लागत नाही. पोहे इथे भारतीय दुकानांत मिळतात. धुऊन निथळलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि वर फळं. एलियाहू हानबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन करायचा. आमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन आलेले लोक इथे अजून आहेत, एलियाहूच्या रथाची मानली जाणारी खडकावरची ती खूण त्यांनी पाहिलेली आहे.


न्यू जर्सी

आम्ही कोल्हापूरचे, ज्यू नाही. मुलाचा जवळचा मित्र कडक कोशर पाळणाऱ्या घरातला आहे. त्याच्या आईवडिलांना जेवायला बोलवायचं ठरलं तेव्हा मी पुस्तक विकत घेतलं: खानी आफेलबाउम यांचं 'टोटली कोशर', २०२३ चं. याआधीचं त्यांचं 'मिलेनियल कोशर' २०१८ चं. दोन्ही उत्तम. कोशर म्हणजे फक्त चिकन सूप आणि बटाट्याचा कुगेल ही समजूत या बाईंनी पार पुसून टाकली आहे. मसाले, मिरची, आंबट-गोड सगळं सढळ हातानं. आपल्या जिभेला ही पुस्तकं पटकन रुचतील.

पण पुस्तकाबाहेरची एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. कोशर कृती केली म्हणजे जेवण कोशर झालं असं नाही. माझ्या ओव्हनमध्ये, माझ्या पातेल्यात शिजलेलं ते खाणार नव्हते, आणि त्यात अपमानाचं काही नाही. मी सरळ त्या वहिनींनाच फोन करून विचारलं. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं: कोशर शिक्का असलेली बंद पाकिटं, न कापलेली फळं, कागदी ताटं. मुख्य जेवण त्यांच्या ओळखीच्या कोशर केटररकडून आलं. पुस्तकातल्या कृती मग मी आमच्याच घरासाठी केल्या, आणि त्या वहिनींच्या स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर उभी राहून केल्या. ते सगळ्यांत छान झालं. तेव्हा पाहुण्यांसाठी पुस्तक घेणाऱ्यांनो, आधी पाहुण्यांना विचारा.

मिठाचंही सांगते. अमेरिकन पुस्तकांत सगळीकडे 'कोशर सॉल्ट' असतं. ते जाडं मीठ, मांसाला चोळून रक्त काढायला वापरतात म्हणून हे नाव. डायमंड क्रिस्टलचा एक मोठा चमचा जेमतेम ९ ग्रॅम भरतो, मॉर्टनचा १५ च्या आसपास, आणि आपलं बारीक मीठ १८ च्या घरात. पुस्तकात डायमंड म्हटलं असेल तर आपलं बारीक मीठ निम्मं घाला. शक्यतो वजनावरच जा.


पुणे, कॅम्प

मी घरून बेकिंग करते. लाल देवळाच्या (इथल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या) परिसरातच वाढले, त्यामुळे शुक्रवारची लगबग लहानपणापासून बघितलेली. मी स्वतः ज्यू नाही आणि माझे हाला कोशर म्हणून विकत नाही. ते म्हणण्याचा अधिकार देखरेख करणाऱ्या रब्बींचा. ब्रेड म्हणून विकते.

पहिलं पुस्तक घ्यायचं तर शॅनन सार्ना यांचं 'मॉडर्न ज्यूइश बेकर', २०१७. त्यात सात मूळ कणका आहेत: हाला, बाबका, बेगल, हामानताशेन, रुगेलाख, पिटा आणि मात्झा. एक कणीक जमली की तिच्यावरचे पुढचे प्रकार. शिकणाऱ्याला ही मांडणी फार सोयीची.

ऊरी शेफ्त यांचं 'ब्रेकिंग ब्रेड्स' (२०१६) त्याच्या पुढचं. तेल अवीवची लेहामिम आणि न्यूयॉर्कची ब्रेड्स बेकरी यांचीच. हातानं कणीक कशी ओढायची, दुमडायची, कधी थांबायचं, हे इतक्या बारकाईनं समजावणारं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. पण त्यांचा प्रसिद्ध चॉकलेट बाबका लोण्याचा, म्हणजे दुधाचा. कोशर घरात मटणाच्या जेवणानंतर तो चालणार नाही.

मग पारवे बाबका कसा करायचा? मी लोण्याऐवजी वास नसलेलं रिफाइंड खोबरेल आणि दुधाऐवजी पाणी किंवा पातळ नारळाचा रस घेते. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, वर वितळतं. त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात लावलेलं चॉकलेटचं सारण लाटतानाच वाहायला लागतं. उपाय म्हणजे सारणात थोडे दळलेले बदाम किंवा बिस्किटाचा चुरा घालायचा आणि लाटलेली पोळी सारण लावून, गुंडाळी करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची. मग उभी चिरायची आणि पीळ द्यायचा. कापलेली बाजू वर राहिली पाहिजे, म्हणजे थर दिसतात. ओव्हनमधून काढल्याबरोबर साखरेचा पाक ब्रशनं लावायचा, तो कवचावर चरचरतो आणि मुरतो. पाक जास्त वाटतो, पण सगळा लावा.

मैद्याबद्दल. या पुस्तकांतल्या ब्रेड फ्लोअरमध्ये १२-१३ टक्के प्रथिनं असतात, आपल्या मैद्यात साधारण १० च्या आसपास. दोन कप मैद्याला एक मोठा चमचा गव्हाचं ग्लुटेन घाला आणि पाणी एकदम न ओतता दोन चमचे हातचं राखून ठेवा. पावसाळ्यात ते राखलेलं पाणी बहुतेक वेळा लागतच नाही. पुस्तकात ताजं यीस्ट असेल तर इन्स्टंट त्याच्या एक तृतीयांश.


मुंबई, भायखळा

इथे सगळे नवीन पुस्तकांबद्दल लिहितायत, मी १९९० चं सांगतो. ल्युबाविच या कडक धार्मिक ज्यू पंथातल्या महिलांनी काढलेलं 'स्पाइस अँड स्पिरिट'. फोटोंची चैन नाही. पण स्वयंपाकघर कोशर कसं करायचं, पालेभाजीतले किडे कसे बघायचे, मांसाला मीठ कसं लावायचं हे सगळं पायरीपायरीनं आहे.

नव्या पुस्तकांवर माझा एक आक्षेप आहे. ती धरून चालतात की मटण दुकानातूनच तयार होऊन आलंय. अमेरिकेत येत असेल. आपल्याकडे हजाननं (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यानं) कापून दिलं तरी पुढचं घरीच करावं लागतं: अर्धा तास पाण्यात, मग सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तिरक्या फळीवर किंवा जाळीवर एक तास, रक्त निथळून जाईल असं, आणि मग तीनदा धुणं. कलेजीला हे पुरत नाही, ती विस्तवावर भाजूनच घ्यावी लागते. असं मटण मुळातच खारट असतं, तेव्हा रश्श्यात मीठ शेवटी, चाखून घाला. या एका वाक्यासाठी किती नवी पुस्तकं चाळली, सापडलं नाही.

बिर्याणीत दही नाही, तळायला तूप नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. तेलात कुरकुरीत कांदा, लिंबू, भरपूर कोथिंबीर-पुदिना आणि मटण मुरवायला हिरवं वाटण. एकदा करून बघा.


नाशिक

छोटंसं सांगते. योतम ओतोलेंगी आणि सामी तमीमी यांचं 'जेरुसलेम' (२०१२) हे अप्रतिम पुस्तक आहे, पण कोशर पुस्तक नाही. त्यात कोळंबी आहे, टर्कीच्या टिक्क्यांबरोबर सावर क्रीम आहे. कोशर पाळणाऱ्या मैत्रिणीला भेट म्हणून देणार असाल तर हे माहीत असू द्या. ज्यू पदार्थांचं पुस्तक आणि कोशर पुस्तक यांत फरक असतो.


नागपूर

आम्ही पूर्ण शाकाहारी, त्यामुळे कोशरचे निम्मे प्रश्न आमच्याकडे उरतच नाहीत. गिल मार्क्स यांचं 'ऑलिव्ह ट्रीज अँड हनी' घ्या. २००४ चं आहे, जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळालेलं, जगभरच्या ज्यू घरांतल्या शाकाहारी पदार्थांचं. लेखक रब्बी होते आणि इतिहासाचा अभ्यास दांडगा, त्यामुळे प्रत्येक पदार्थ कुठून कुठे गेला हे वाचण्यातच वेळ जातो. वांगी, चणे, मसूर, पालक, भात. सामान शोधत फिरावं लागत नाही.


लंडन

मी क्लॉडिया रोडन यांची भक्त. 'द बुक ऑफ ज्यूइश फूड' १९९६ चं, पण त्यात भारतातल्या ज्यूंवर वेगळं लिहिलेलं आहे, आणि त्या काळी ते कोण लिहीत होतं? कैरोत वाढलेल्या बाईला आपल्या खाण्याची कळकळ वाटली, याचं मला अजून अप्रूप आहे.

बेकिंगवाल्यांसाठी त्यांच्या १९६८ च्या मध्यपूर्वेच्या पुस्तकातला संत्र्याचा केक. दोन संत्री सालासकट मऊ होईपर्यंत उकडायची, दोन तास तरी. बिया काढून वाटायची. सहा अंडी, २५० ग्रॅम बदामाची पूड, २५० ग्रॅम साखर, चमचाभर बेकिंग पावडर. पीठ नाही, लोणी नाही. म्हणजे पारवे तर आहेच, पेसाखलाही (खमीर वर्ज्य असलेल्या सणालाही) चालतो. फक्त बेकिंग पावडर पेसाखचा शिक्का असलेली बघा, साध्या पावडरीत स्टार्च असतो. मिळाली नाही तर अंड्यांचं पांढरं वेगळं फेटून हलक्या हातानं मिसळा. नागपुरी संत्र्यांची साल सुटी असते, ती लवकर शिजतात. कडवटपणा नको असेल तर पहिलं उकळीचं पाणी फेकून द्या.

पेसाखबद्दल आणखी एक. अश्केनाझी (मूळ युरोपातल्या ज्यू) लेखकांच्या पुस्तकांत त्या आठवड्यात भात आणि डाळी नसतात, ती त्यांची परंपरा. आपल्याकडे भात निवडून खातात. म्हणून त्यांच्या पेसाखच्या प्रकरणात बटाट्याशिवाय काही दिसलं नाही तर निराश होऊ नका.

अगदी नवं हवं असेल तर अदीना सुसमन यांचं 'शब्बात' (२०२३). शब्बात म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, त्यात चूल पेटवत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी विस्तव बंद झाल्यावर काय गरम ठेवायचं, शनिवारी दुपारी गार काय चांगलं लागतं, हा विचार त्यात आहे. नोकरी करणाऱ्यांनी हेच आधी घ्यावं.


पनवेल

सगळं वाचून काढलं. माझं म्हणणं वेगळं आहे. ही सगळी पुस्तकं इंग्रजीत. माझ्या सासूबाईंना ती वाचता येत नाहीत, आणि त्यांच्याजवळ जे आहे ते या पुस्तकांत नाही. म्हणून मी वजनकाटा घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहायला लागले. त्या मुठीनं घालतात, मी मूठ आधी काट्यावर रिकामी करायला लावते. त्यांना आधी राग यायचा, आता स्वतःच विचारतात, "मांडलंस का?"

हिरव्या मसाल्याचं मटण, आमच्या घरचं: एक किलो मटण (मीठ लावून, तीनदा धुतलेलं), १०० ग्रॅम कोथिंबीर काड्यांसकट, २५ ग्रॅम हिरवी मिरची, ३० ग्रॅम लसूण, २० ग्रॅम आलं, तीन मोठे कांदे तेलात लालसर, अर्धा चमचा हळद. मटण शिजत आलं की एका मोठ्या नारळाचा घट्ट रस, आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. आंबटाला कोकम, चार-पाच पाकळ्या.

नारळाबद्दल एक सावधगिरी सगळ्यांनाच सांगते, विशेषतः पुण्याच्या ताईंना. घाईच्या वेळी नारळाच्या दुधाची पावडर वापरत असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. कित्येक पावडरींत सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलं प्रथिन. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, पण तो शाकाहाराचा. दूध त्यात धरलेलंच असतं. ती पावडर मटणात गेली की सगळं पातेलं वाया. डब्यातल्या किंवा टेट्रापॅकमधल्या रसातही घटक वाचून घ्या. आम्ही नारळच खवतो.

कुणाकडे दरफाळणीच्या सणाच्या (योम किप्पूरच्या) किंवा खिरीच्या सणाच्या घरच्या कृती मापासकट असतील तर इथे लिहा. मी उतरवून घेतेय.